किडा व्हायच्या आधी बग काय होता

कबुलीजबाब आधी देऊन टाकते. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, पुण्यात, आणि आमच्याकडे दरवर्षी फ्रेशर्सची नवी बॅच आली की त्यांना टेस्टिंग म्हणजे काय हे सांगायचं दोन तासांचं सेशन माझ्या गळ्यात पडतं. त्यात माझी दुसरी स्लाइड ठरलेली. एका जुन्या वहीच्या पानाचा फोटो, त्यावर चिकटपट्टीने चिकटवलेला मेलेला पतंग (उडवायचा नाही, दिव्यावर झेप घेतो तो). ९ सप्टेंबर १९४७, हार्वर्ड, मार्क टू नावाचं खोलीभर पसरलेलं कॉम्प्युटर, पॅनेल एफ, रिले (म्हणजे विजेवर उघडबंद होणारा स्विच) नंबर ७०, त्या रिलेत हा पतंग अडकला आणि मशीन गंडलं, लोकांनी तो काढला आणि वहीत डकवून ठेवला. ग्रेस हॉपर नावाच्या बाई त्या टीममध्ये होत्या, पुढे त्यांनी ही गोष्ट इतक्या भाषणांत रंगवून सांगितली की जगभर झाली. ती वही आजही वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या म्युझियममध्ये आहे. तर मुलांनो, म्हणून सॉफ्टवेअरमधल्या चुकीला बग म्हणतात. टाळ्या. पुढची स्लाइड.

आठ वर्षं मी हे असंच्या असं सांगत आले, एकदाही कुणी हरकत घेतली नाही.

यंदा घेतली. लातूरकडचा एक पोरगा, मागच्या रांगेत, अर्धा तास नुसता फोनमध्ये असेल असं मला वाटत होतं, त्याने हात वर केला. म्हणाला, मॅम, त्या पानावर काय लिहिलंय ते झूम करा ना. केलं. इंग्रजीत लिहिलंय, 'फर्स्ट ॲक्च्युअल केस ऑफ बग बीइंग फाउंड'. तो म्हणाला, ॲक्च्युअल का लिहिलं असेल मग? म्हणजे बग हा शब्द आधीपासून वापरात असणार ना, म्हणून तर यांना गंमत वाटली की अरे आज खरोखरचा बग सापडला!

मी गप्प. एसीचा आवाज ऐकू येत होता. ज्या बाईचं काम वाक्यातला शब्द न् शब्द वाचून 'रिक्वायरमेंटमध्ये असं म्हटलेलंच नाही' असं डेव्हलपरच्या तोंडावर सांगायचं, तिने सात शब्दांचं एक वाक्य आठ वर्षं नीट वाचलं नव्हतं. पोराला म्हटलं, शाब्बास, तू टेस्टिंगलाच ये. आणि त्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर जे शोधायला बसले ते दीड वाजला तरी उठले नाही.

पतंगाची गोष्ट खरीच आहे, फक्त ती शब्दाच्या जन्माची नाही. शब्द कितीतरी आधीचा. एडिसन, आपला बल्बवाला, त्याने १८७८ सालच्या एका पत्रात लिहून ठेवलंय की कुठलाही शोध लावताना आधी कल्पना झटकन सुचते, मग अडचणी सुरू होतात, आणि मग 'बग' तोंड वर काढतात, बारीकसारीक दोषांना असं म्हणतात असंही तो तिथेच सांगतो, आणि ते काढण्यात महिनोन्‌महिने जातात. (हे वाचून मला एडिसनबद्दल एकदम जवळीक वाटली, आमच्या मॅनेजरला हे पत्र फ्रेम करून द्यायला हवं.) १८८९ मध्ये लंडनच्या पॉल मॉल गॅझेटमध्ये बातमी आली की एडिसन दोन रात्री जागून आपल्या फोनोग्राफमधला बग शोधत होता, आणि पेपरने वाचकांना समजावून सांगितलं की म्हणजे जणू यंत्रात कुठला तरी काल्पनिक किडा लपून बसलाय आणि त्याच्यामुळे सगळी कटकट होतेय.

काल्पनिक किडा. इथे माझं डोकं अडकलं. कारण मागे मागे जात राहिलं तर बग या शब्दाचा 'किडा' हा अर्थच मुळी मोठा जुना नाही. लेखी पुराव्यात तो १६२० च्या दशकात वगैरे दिसायला लागतो. आणि त्याच्याही दोनेकशे वर्षं आधीपासून बग शब्द इंग्रजीत मजेत नांदतोय, फक्त त्याचा अर्थ वेगळा.

भूत. म्हणजे अगदी खून करणारं भूत नाही, पोरांना घाबरवायचं भूत. बागुलबुवा!

पुढे जायच्या आधी एक घरगुती किस्सा सांगते, नाहीतर राहून जाईल. लॉकडाऊनमध्ये मी गावी होते, कराडजवळ, घराच्या सोप्यात लॅपटॉप लावून काम चालायचं. दिवसभर माझं फोनवर, "बग आहे, बग आहे, परत बग आलाय." आता आमच्याकडे 'बघ'ला 'बग'च म्हणतात, बग की, बग जरा, बगू नंतर. तिसऱ्या दिवशी आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अगं सारखं बग बग काय करतीस, त्याला बगायचं असंल तर बगंल की तो, त्याला काय डोळं न्हाईत व्हय!" मी म्युटवर नव्हते. आमचा क्लायंट अमेरिकेतला असला तरी टीम सगळी आपलीच, त्यामुळे पुढचे सहा महिने कुणी टिकिट (म्हणजे बगची नोंद) उघडायला उशीर केला की ग्रुपवर 'डोळं न्हाईत व्हय' पडायचं.

असो. बागुलबुवा.

शेक्सपिअरच्या नाटकांत हा जुना बग बऱ्याच ठिकाणी येतो. 'द टेमिंग ऑफ द श्रू' मधला पेट्रुकिओ, त्याला सगळे सांगत असतात की बाबा ती मुलगी फार तोंडाळ आहे, तर तो म्हणतो हट्, बगांची भीती पोरासोरांना दाखवा. आणि 'द विंटर्स टेल' मध्ये राणी हर्मायनी आहे, नवरा तिला मरणाची धमकी देतोय, तर ती त्याला म्हणते, तुमच्या धमक्या राहू द्या, ज्या बगची मला भीती घालताय त्यालाच तर मी शोधतेय. कॉलेजात हे शिकणाऱ्या कुणी हा बग म्हणजे ढेकूण असं धरून वाचलं असेल तर त्या बिचाऱ्या राणीचं काय झालं असेल!

आणि तसं झालंय खरंच. १५३५ साली माइल्स कव्हरडेलने पूर्ण बायबल इंग्रजीत छापून काढलं. त्यात ९१ व्या स्तोत्रात देव भक्ताला धीर देतो की रात्रीच्या भयाला तू भिणार नाहीस. कव्हरडेलने तिथे शब्द वापरला 'बग्ज'. त्याच्या काळात कुणाला काही वाटलं नाही, रात्रीची भुतंखेतं, सरळ अर्थ. पण पुढे शब्दाचा अर्थ घसरला, इंग्लंडात तर बग म्हणजे मुख्यतः ढेकूणच झाला, आणि मग त्याच ओळीतून देव सांगायला लागला की रात्री चावणाऱ्या ढेकणांना घाबरू नकोस. म्हणून त्या आवृत्तीला आजही गमतीने 'बग बायबल' म्हणतात. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये तिथे 'टेरर' आहे, देवाची सुटका झाली.

आता भुताचा ढेकूण कसा झाला यावर शब्दकोशवाल्यांत एकमत नाही. काही जण म्हणतात हा किड्यावाला बग वेगळाच आहे, जुन्या इंग्रजीत भुंग्यासाठी 'बुड्डा' असा एक शब्द होता, त्याची आणि भूतवाल्या बगची सरमिसळ झाली. दुसरे म्हणतात एकच शब्द आहे, ढेकूण रात्री येतो, दिसत नाही, झोपलेल्या माणसाचं रक्त पितो आणि उजाडायच्या आत गुल, आता याला भूत म्हणायचं नाही तर काय. मला दुसरं पटतं, पण ते पटण्याचं कारण भाषाशास्त्र नाहीये, पहिल्या नोकरीत असताना मी ज्या पेइंग गेस्टमध्ये राहिले तिथली गादी आहे. लंडनलाही तेव्हा ढेकणांचा असा सुळसुळाट होता की १७३० मध्ये जॉन साउथॉल नावाच्या गृहस्थाने ढेकणांवर आख्खं पुस्तक काढलं, आणि जमैकातल्या एका म्हाताऱ्याकडून आणलेलं आपलं सिक्रेट औषध त्यातून खपवलं. पुस्तकाच्या नावातच 'बग्ज'. म्हणजे तोवर शब्दाचं भूतपण बरंचसं उतरलं होतं.

पण मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो याहून मागे गेल्यावर. चौदाव्या शतकाच्या शेवटाला जॉन विक्लिफ आणि त्याच्या माणसांनी लॅटिन बायबल इंग्रजीत आणलं. त्यात यिर्मयाचं (बायबलमधला एक संदेष्टा) पत्र म्हणून एक भाग आहे, बाबिलोनात पकडून नेलेल्या ज्यूंना उद्देशून, की तिथल्या लाकडाच्या, सोन्यारुप्याने मढवलेल्या मूर्तींना भिऊ नका, त्यांच्याने काही होत नाही. तिथे उपमा येते की जसा काकडीच्या मळ्यातला तो उभा असतो, कशाचंच राखण करत नाही, तशा या मूर्ती. आणि 'तो उभा असतो' तिथे विक्लिफवाल्यांनी शब्द लिहिलाय 'बग', आणि कळावं म्हणून जोडीला लिहिलंय, 'चिंध्यांचा माणूस'.

चिंध्यांचा माणूस, काकडीच्या मळ्यात. बुजगावणं!

मी खुर्चीतून उठलेच. आमच्या शेतात दरवर्षी ज्वारी हुरड्यात आली की दादा (माझे वडील, आम्ही त्यांना दादाच म्हणतो) बुजगावणं करायचे. दोन काठ्यांची फुली, त्यावर त्यांचाच कोपराला फाटलेला सदरा, आत कडब्याची चिपाडं कोंबलेली, वर चुलीवर काळं झालेलं गाडगं उपडं, आणि त्यावर चुन्याने डोळे काढायचं काम माझं. मी डोळे कायम एक मोठा एक बारीक काढायचे, चुलतभाऊ तोंड काढायचा, दातांसकट. आणि दादा दरवर्षी उभं करतानाच म्हणायचे, "दोन दिस बुजत्यात पाखरं, तिसऱ्या दिशी ह्येच्याच डोस्क्यावर बसून शिटत्यात." आणि तस्संच व्हायचं, मग शेवटी माळ्यावर चढून गोफण फिरवायची आमचीच पाळी. आता गंमत अशी की त्या यिर्मयाच्या पत्रात वर कुठेतरी हेही लिहिलंय की त्या मूर्तींच्या अंगाखांद्यावर, डोक्यावर वटवाघळं, पाकोळ्या आणि इतर पाखरं येऊन बसतात, आणि मांजरंही. दादांनी बायबल उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही. पण ज्याने कुणी ते पत्र लिहिलं त्याने मळा राखलेला असणार एवढं मी पैजेवर सांगते.

मग सगळं उलगडत गेलं. स्कॉटलंडात भुताला 'बोगल' म्हणतात, आणि तिथेच बटाट्याच्या शेतातल्या बुजगावण्याला म्हणतात 'टॅटी बोगल', टॅटी म्हणजे बटाटा. बटाट्यातलं भूत! म्हणजे त्यांच्याकडे भूत आणि बुजगावणं हे दोन शब्द वेगळे झालेच नाहीत. आणि या बोगलचा भाऊ म्हणजे इंग्रजीतलं 'बॉगल', आपण म्हणतो ना माइंड बॉगलिंग. आज त्याचा अर्थ डोकं चक्रावणं. पण सोळाव्या शतकाच्या शेवटी हा शब्द छापात येतो तेव्हा तो घोड्यांसाठी असतो. चालता चालता घोडा एकदम बिचकतो, कान टवकारतो, पाय रोवून मागे सरतो, कारण घोड्याला म्हणे भूत दिसतं, माणसाला दिसत नाही.

आता याला मराठीत काय म्हणाल? घोडा बुजला. बैल बुजला. दुसरा शब्दच नाही. आणि बुजणे वरूनच बुजगावणं, पाखरांना बुजवतं ते. तिकडे बॉगल आणि बोगल, इकडे बुजणं आणि बुजगावणं, तीच जोडी! आणि भूत दिसण्याची भानगडसुद्धा तीच, आमच्या गावात ओढ्याच्या वळणावर बैल बुजला की गाडीतली म्हातारी माणसं हळूच म्हणायची, मुक्या जनावराला दिसतं, आपल्याला नाही दिसत, आणि मग कुणी मागं वळून बघायचं नाही.

थांबा, लगेच व्हॉट्सॲपवर 'बग हा मूळ मराठी शब्द' असं फॉरवर्ड करू नका, हात जोडते. नातं काही नाही या शब्दांचं. दोन्हीकडे ब आहे एवढंच, आणि माणसाला घाबरवायला ब चांगला पडतो बहुतेक, बॉऽऽ करून दाराआडून उडी मारतो तोही ब च. (आणि खड्डे बुजवणारं बुजवणं ते वेगळं, त्याचा इथे काही संबंध नाही, पुण्यात तर कुठेच काही संबंध नाही.) पण नातं नसताना दोन भाषा एकाच वाटेने गेल्या हे मला नात्यापेक्षा जास्त भारी वाटतं. शेत राखायचं, जनावर हाकायचं आणि पोरांना अंधारात जाऊ द्यायचं नाही, कामं तिकडेही तीच.

बगचं खानदान मोठं आहे. बगबेअर हा अस्वलासारखा बागुलबुवा, ऐकलं नाही तर येऊन खातो. बोगीमॅन तर सगळ्यांना माहीत. गोल्फमध्ये बोगी म्हणतात तोसुद्धा हाच, १८९० च्या सुमारास इंग्लंडात बोगीमॅनचं एक गाणं लोकांच्या तोंडी होतं, आणि कोर्सने ठरवून दिलेला स्कोअर काही केल्या गाठता येईना तेव्हा खेळाडू म्हणायला लागले हा बोगीच आहे, हाताला लागत नाही. पुढे त्याला कर्नल करून टाकलं, कर्नल बोगी. इंग्रजांचं हे एक बरं असतं, भूत झालं तरी हुद्दा देतात.

पण या सगळ्यांत माझा लाडका 'बॉगार्ट'. उत्तर इंग्लंडात, लँकाशायर, यॉर्कशायरकडे याचा वावर. मँचेस्टरला आजही 'बॉगार्ट होल क्लफ' नावाची मोठी बाग आहे. बॉगार्ट घरात राहतो, शेतकऱ्याच्या, आणि छळतो, म्हणजे जीव घेत नाही, पण पोराच्या हातातला लोणी लावलेला पाव हिसकावून नेतो, दुधाचं भांडं उलथवतो, रात्री पांघरूण ओढतो. यॉर्कशायरच्या एका गोष्टीत कपाटाच्या लाकडाला एक भोक असतं, पोरगा त्यात सहज एक शिंगाचं शूहॉर्न घालून बघतो तर ते आतून सुसाट परत येतं आणि त्याच्या कपाळावर आपटतं. मग पोरांना नादच लागतो, रोज त्यात काहीतरी घालायचं आणि परत येतंय का बघायचं. (ही माझी माणसं. याला एक्सप्लोरेटरी टेस्टिंग म्हणतात.)

शेवटी तो शेतकरी कंटाळतो, बायकोही कंटाळते, घर सोडायचं ठरतं. गाडीत सामान भरतात, आता रिकामं घर तेवढं मागे. निघाले, तर वाटेत शेजारी भेटतो, विचारतो, काय हो, शेवटी घर सोडलंत? शेतकरी म्हणतो, काय करणार, त्या बॉगार्टने जगणं मुश्कील केलं, म्हटलं निघावं. तर एवढ्यात गाडीवर पाठीमागे लोणी काढायचा लाकडी डेरा ठेवलेला असतो, त्याच्या आतून खोल आवाज येतो, "हो ना, निघालोय आपण सगळे!"

शेतकरी गाडी थांबवतो. बायकोकडे बघतो. म्हणतो, चल परत, तिथे काय आणि इथे काय, छळच व्हायचा असेल तर जुन्या घरात तरी होऊ दे, नवं घर तसंही आपल्याला गैरसोयीचंच होतं. आणि गाडी वळवतात.

मी ही गोष्ट वाचली आणि रात्री सव्वा वाजता एकटीच हसत बसले. कारण मागच्याच वर्षी आम्ही एक जुनी सिस्टीम सोडून नव्यावर गेलो. अकरा महिने मायग्रेशन. जुन्या सिस्टीममध्ये एक बग होता, महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिपोर्टमध्ये एक रुपया कमी यायचा, एकच रुपया, तोही दर महिन्याला नाही. डेव्हलपरला डेस्कवर बोलावलं की सगळं नीट, रुपया जागेवर, तो कॉफी घ्यायला गेला की परत गायब. त्याचं आम्ही टिकिट केलं की 'नॉट रिप्रोड्युसिबल', म्हणजे परत घडवून दाखवता येत नाही, म्हणून बंद व्हायचं. सगळे म्हणाले सोडा, नव्या सिस्टीममध्ये हे सगळं जाणारच आहे. गेलो लाइव्ह. पहिला महिना संपला, ३१ तारखेच्या संध्याकाळी मी रिपोर्ट काढला आणि बेरीज बघितली, आणि आता मला कळतंय की मला तेव्हा कुठला आवाज ऐकू आला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, दादांना फोन केला. म्हटलं तुम्हाला एक भारी सांगायचंय, आणि विक्लिफ, काकडीचा मळा, चिंध्यांचा माणूस, टॅटी बोगल, सगळं सांगितलं, मध्ये ते फक्त हं, हं करत होते. मग म्हणाले, "म्हंजी तू पंधरा वर्षं बुजगावणी हुडकायची नोकरी करतीस व्हय." म्हटलं तसंच काहीसं. यंदा आपल्याकडे केलंय का बुजगावणं, विचारलं. तर नाही, आता कुणीच करत नाही म्हणाले, चंदेरी पट्ट्या बांधतात, वाऱ्यावर फडफडतात, चमकतात, पाखरं येत नाहीत.

"येतच नाहीत?"

"दोन दिस न्हाई येत."